चेतापेशी सुटी की सलग? गॉल्जी आणि काहाल यांचा वाद

११ डिसेंबर १९०६. इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे प्राध्यापक कामिल्लो गॉल्जी स्टॉकहोममध्ये नोबेल व्याख्यानासाठी उभे राहिले. वैद्यकाचे पारितोषिक त्या वर्षी प्रथमच दोघांत विभागून दिले गेले होते. दुसरे मानकरी, माद्रिदचे सांतियागो रामोन ई काहाल, यांचे व्याख्यान दुसऱ्या दिवशी व्हायचे होते. गॉल्जींनी विषय निवडला तो चेतापेशी सिद्धान्ताचा, आणि तो सिद्धान्त का मान्य करता येत नाही हे सांगण्यात आपले व्याख्यान खर्ची घातले. तो सिद्धान्त उभा करण्यात सर्वांत मोठा वाटा काहाल यांचाच होता. त्यासाठी त्यांनी वापरलेले साधन मात्र गॉल्जींनी शोधलेले होते.

शाळेत चेतापेशीची आकृती काढताना विद्यार्थी पेशीकाय काढतो, वृक्षिकांच्या फांद्या काढतो, लांब अक्षतंतू काढतो आणि पुढच्या पेशीपूर्वी थोडी जागा मोकळी सोडतो. ही फट म्हणजे संपर्कस्थान. आवेग येथवर आला की अक्षतंतूच्या टोकातून रसायन पाझरते आणि पलीकडच्या पेशीला संदेश मिळतो. आकृतीतील ही बोटभर मोकळी जागा हाच त्या वादाचा गाभा होता.

प्राण्यांचे शरीर पेशींचे बनलेले आहे, हे १८३९ मध्ये थिओडोर श्वान यांनी मांडले आणि हळूहळू ते सर्वमान्य झाले. मेंदू मात्र या नियमात नीट बसेना. सूक्ष्मदर्शकाखाली दिसे तो धाग्यांचा निबिड गुंता. कोणता धागा कोठे संपतो आणि कोणता कोठे सुरू होतो, काहीच कळेना. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योसेफ फॉन गेर्लाख यांनी तेव्हा सुचवले की हे धागे संपतच नाहीत. ते एकमेकांत मिसळून एक अखंड जाळे बनते.

हा गुंता सोडवण्याची किल्ली सापडली ती मिलानजवळच्या आब्बियातेग्रासो गावातील असाध्य रुग्णांच्या रुग्णालयात. तेथे नोकरीस असलेल्या तरुण गॉल्जींनी एका स्वयंपाकघरातच जुजबी प्रयोगशाळा मांडली होती. मेंदूचे तुकडे पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कठीण करून ते सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवले, तर काही पेशी मुळापासून टोकापर्यंत काळ्या होतात, असे त्यांना आढळले. ही 'काळी प्रक्रिया' त्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे मर्म तिच्या अपुरेपणात आहे. सर्वच पेशी रंगल्या असत्या तर काच नुसती काळी झाली असती. पण रंगतात त्या फार थोड्या, आणि त्या संपूर्ण. पिवळसर पार्श्वभूमीवर एखादे निष्पर्ण झाड उभे राहावे तशी एकेक पेशी उठून दिसते.

गॉल्जींनी काय पाहिले? वृक्षिका मोकळ्या टोकांनी संपतात, हे त्यांनी अचूक ओळखले. परंतु वृक्षिकांचे काम पेशीला पोषण पुरवण्याचे आहे, अशी त्यांची समजूत झाली. अक्षतंतूंच्या फांद्या मात्र एकत्र येऊन जाळे बनवतात, असे त्यांनी मानले. याला केवळ हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. मेंदूच्या प्रत्येक कोपऱ्याला वेगळे काम वाटून दिलेले असते, ही तेव्हा जोर धरत असलेली कल्पना त्यांना पटत नव्हती. मेंदू एकसंध काम करत असेल, तर त्याची रचनाही एकसंध हवी, हा विचार त्यांच्या डोळ्यांमागे उभा होता.

काहाल यांनी ही प्रक्रिया पाहिली ती चौदा वर्षांनी, १८८७ मध्ये, माद्रिदमधील लुईस सिमार्रो या वैद्यांकडे. काहाल यांना खरे तर चित्रकार व्हायचे होते. शल्यवैद्य असलेल्या वडिलांनी त्यांना वैद्यकाकडे वळवले. तो हात आता उपयोगी पडला. बार्सिलोनात त्यांनी ही कृती दोनदा करून रंग अधिक भरवशाचा केला. त्याहून महत्त्वाचा निर्णय होता तो नमुन्यांचा. प्रौढ मेंदूत अनेक अक्षतंतूंवर मायलिनचे आवरण असते, त्यामुळे तेथे रंग नीट चढत नाही. काहाल यांनी पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे भ्रूण आणि नवजात पिल्ले घेतली. त्यांच्यात आवरण तयार झालेले नसते, तंतूही आखूड असतात, म्हणून एकाच कापात अख्खी पेशी हाती लागते. पक्ष्याच्या अनुमस्तिष्कात त्यांना अक्षतंतूंची टोके दुसऱ्या पेशींना टोपलीसारखी वेढताना दिसली. वेढताना दिसली, मिसळताना नाही.

हे निष्कर्ष त्यांनी मे १८८८ मध्ये स्वखर्चाने काढलेल्या नियतकालिकात छापले. ते स्पॅनिशमध्ये होते, आणि त्या काळी युरोपातील विज्ञान स्पॅनिश वाचत नसे. तेव्हा १८८९ मध्ये ते आपल्या काचा घेऊन बर्लिनच्या शरीररचनाशास्त्र परिषदेस गेले आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावू लागले. बहात्तर वर्षांचे, सर्वत्र आदरणीय असलेले आल्बर्ट फॉन क्योलिकर यांनी पाहिले आणि त्यांचे मत फिरले. उतारवयात पक्ष बदलणारे विद्वान इतिहासात फार आढळत नाहीत.

पुढचे वेगाने घडले. विल्हेल्म हिस आणि ओग्युस्त फोरेल यांनी पेशी स्वतंत्र असाव्यात असे काहालांच्या आधीच सुचवले होते. आता पुरावा भक्कम झाला. १८९१ मध्ये विल्हेल्म वाल्डायर यांनी 'न्यूरॉन' हा शब्द रूढ केला. आवेग वृक्षिकांकडून पेशीकायाकडे आणि तेथून अक्षतंतूत जातो, हेही काहाल यांनी मांडले. त्यांच्या चित्रांतील छोटे बाण तेच दाखवतात. १८९७ मध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी पेशींमधील त्या जागेला 'सिनॅप्स' हे नाव दिले.

नाव मिळाले, पण ती जागा कोणी पाहिलीच नव्हती. साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरहून बारीक अंतर उलगडून दाखवता येत नाही; ही फट २० नॅनोमीटरच्या आसपासची. काहाल यांनी टोके पाहिली होती, फट तर्काने ओळखली होती. त्यामुळे १९०६ च्या व्यासपीठावर गॉल्जींचा आक्षेप निव्वळ निराधार नव्हता. काहाल यांनी दुसऱ्या दिवशी आपले निरीक्षण मांडले आणि दोघेही आपापल्या मतावर ठाम राहिले. गॉल्जी १९२६ मध्ये निवर्तले, काहाल १९३४ मध्ये. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती फट प्रथम स्पष्ट दाखवली.

त्याच दशकात गोड्या पाण्यातील झिंग्याच्या चेतासंस्थेत असेही सांधे आढळले, जेथे आवेग रसायनाशिवाय, विद्युतरूपातच पलीकडे जातो. अशा ठिकाणी दोन पेशी सूक्ष्म नलिकांनी जोडलेल्या असतात. पेशी तरीही वेगळ्याच राहतात, म्हणून काहालांचा सिद्धान्त त्याने ढळला नाही.

गॉल्जींचे जाळे पाठ्यपुस्तकातून गेले. त्यांचे नाव मात्र चेतासंस्थेच्या प्रकरणात नव्हे, तर पेशीच्या प्रकरणात भेटते. १८९८ मध्ये त्याच काळ्या प्रक्रियेत बदल करून चेतापेशी न्याहाळताना त्यांना पेशीच्या आत एक बारीक जाळीदार रचना दिसली. तेच गॉल्जी संकुल.