हायड्रोफोबिया : एका भीतीचे नाव

पाबळसारख्या गावांत वस्तीवस्तीवर राखणीची कुत्री असतात. एखादे कुत्रे पिसाळल्याची शंका आली की त्याच्यापुढे पाणी ठेवून पाहावे, प्यायले तर काळजी नाही, असा समज आढळतो. हा समज घातक आहे, आणि त्याला एका जुन्या शब्दाचा आधार मिळतो.

इंग्रजीतील 'हायड्रोफोबिया' हा शब्द मूळ ग्रीक. 'हुदोर' म्हणजे पाणी आणि 'फोबोस' म्हणजे भीती. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने रोगाचे हे ग्रीक नाव नोंदवले आणि उपायही सांगितला : रोगी बेसावध असताना त्याला पाण्याच्या हौदात ढकलावे! भीती हाच रोग मानला की उपचारही भीतीवरच होणार.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात 'जलत्रास' हा शब्द येतो. पाण्याच्या दर्शनाने वा स्पर्शाने रोगी दचकू लागला, तर ते मरणाचे लक्षण समजावे, असे तेथे म्हटले आहे. हे निरीक्षण अचूक होते; आणि ते माणसाविषयी होते.

रेबीजचे विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंमधून मेंदूपर्यंत पोचतात. मग घोट घेताना घशाच्या आणि श्वसनाच्या स्नायूंना वेदनामय आचके येतात. पुढे पाणी नुसते दिसले तरी तेच घडते. 'अ‍ॅगोराफोबिया' (१८७१) सारख्या नंतरच्या शब्दांत 'फोबिया' म्हणजे अवास्तव भय. येथे तसे नाही. पिसाळलेल्या कुत्र्यात मात्र हे लक्षण सहसा दिसत नाही. ते पाणी पिऊ शकते, ओढाही ओलांडू शकते.

६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांची लस जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम देण्यात आली. भारतात १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली विकसित केलेली लस पुढे अनेक दशके वापरात होती. मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या त्या लशीची इंजेक्शने पोटात घ्यावी लागत. ती लस बंद झाली, पण 'पोटातल्या चौदा इंजेक्शनां'ची धास्ती उरली आहे. आज मोजकी इंजेक्शने दंडात दिली जातात.

लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून मुलांना हा शब्द शिकवताना पुढचेही सांगावे : कुत्र्याची परीक्षा घेत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.