शिकारी रायफलींचे अंतर्व्यास-परिवर्तन (भारतातील)

शिकारी रायफल मुळात ज्या काडतुसासाठी बनविलेली असेल त्याहून निराळ्या काडतुसासाठी ती योग्य करून घेणे, यास अंतर्व्यास-परिवर्तन म्हणतात. अंतर्व्यास म्हणजेच कॅलिबर हा नळीच्या पोकळीचा व्यास असून ब्रिटिश पद्धतीत तो इंचाच्या दशांश अपूर्णांकात, तर यूरोप खंडात मिलिमीटरमध्ये देतात. नळी झिजणे, मूळचे काडतूस बाजारात न मिळणे किंवा मोठ्या जनावरासाठी अधिक जड गोळीची गरज भासणे, ही अशा परिवर्तनाची सर्वत्र आढळणारी कारणे होत. भारतात मात्र शस्त्रविषयक कायदा हे कारण या सर्वांहून प्रबळ ठरले. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने व्यासांवर घातलेल्या निर्बंधांमुळे इंग्लंडमधील नामांकित बंदूक-कारखानदारांना आपली काडतुसे नव्याने आखावी लागली आणि त्या निर्बंधांचा ठसा भारतीय शिकारी रायफलीवर अद्यापही दिसतो.

काडतुसांची नावे फसवी असतात, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ०·४५० या नावाच्या रायफलीतील गोळीचा प्रत्यक्ष व्यास सु. ०·४५८ इंच (११·६ मिमी.) असतो, कारण नाव पोकळीवरून पडते, तर गोळी पेचदार खाचांच्या तळापर्यंत भरून निघावी लागते. ०·५७७/४५० यांसारख्या जोडनावात पहिला आकडा कवच ज्या जुन्या काडतुसापासून घेतले त्याचा व दुसरा गोळीचा असतो. कवचाचे तोंड आवळून त्यात लहान गोळी बसविण्याच्या प्रथेतून ही नावे आली. पुढे बंदी आली ती या दुसऱ्या आकड्याच्या आधारे.

ब्रिटिश सेनेने १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफल याच ०·५७७/४५० काडतुसाची होती. त्यात ८५ ग्रेन (सु. ५·५ ग्रॅ.) काळी दारू व ४८० ग्रेन (सु. ३१ ग्रॅ.) वजनाची शिशाची गोळी असे. ०·३०३ इंची रायफल आल्यावर मार्टिनी मागे पडली. परंतु ती नाहीशी झाली नाही. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती अशा रायफली मोठ्या संख्येने होत्या आणि कोहाटजवळील दर्रा आदमखेल येथील कारागीर तिच्या हुबेहूब नकला करीत. रायफल घडविणे त्या कारागिरांना जमत असे; खरी टंचाई असे ती चांगल्या काडतुसांची व गोळ्यांची.

दुसरीकडे शिकारीच्या क्षेत्रात क्रांती घडत होती. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये ०·४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस प्रचारात आणले. जुन्या काळ्या दारूच्या ३¼ इंच लांबीच्या सरळ कवचात कॉर्डाइट ही धूमरहित दारू भरून ४८० ग्रेनची गोळी सेकंदाला सु. २,१५० फुट (६५५ मी.) वेगाने सोडणे, ही त्यामागील कल्पना. तोवर हत्ती व गवा यांच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अवजड आठ व चार बोअरच्या बंदुकांची जागा या सु. ५ किग्रॅ. वजनाच्या दुनळी रायफलीने थोड्याच वर्षांत घेतली. भारतात येणाऱ्या अधिकाऱ्यांची व येथील संस्थानिकांची तिला मोठी मागणी होती.

नेमका हाच व्यास सरकारला धोक्याचा वाटला. शिकारीच्या ०·४५० काडतुसातील गोळी उपसून ती मार्टिनीच्या कवचात भरता येईल, ही भीती होती. म्हणून भारतात व सूदानमध्ये ०·४५० इंची रायफली व त्यांची काडतुसे यांच्या आयातीवर १९०७ च्या सुमारास बंदी घालण्यात आली. सूदानमध्ये महदीच्या उठावात व त्यानंतर अशाच प्रकारच्या रायफली लोकांच्या हाती गेल्या होत्या; त्यामुळे दोन दूरच्या प्रदेशांना एकच नियम लागू झाला.

इंग्लंडमधील कारखानदारांनी या बंदीला दिलेले उत्तर हा तोफा-बंदुकांच्या इतिहासातील एक मौजेचा भाग आहे. त्यांनी रायफल तीच ठेवली, तिचे बळ तेच ठेवले आणि आकडा तेवढा बदलला. जोसेफ लँग यांचे ०·४७०, हॉलंड अँड हॉलंडचे ०·५००/४६५, वेस्टली रिचर्ड्सचे ०·४७६ व निरनिराळी ०·४७५ काडतुसे अशी मालिकाच बाजारात आली. त्यांतील ०·४७० ची गोळी ५०० ग्रेनची व वेग पुन्हा सेकंदाला २,१५० फुटच होता. गव्याच्या दृष्टीने ०·४५० व ०·४७० यांत फरक करणे कठीण. फरक होता तो जकात अधिकाऱ्याच्या दृष्टीने. यांपैकी ०·४७० सर्वांत लोकप्रिय झाले आणि दुनळी रायफलींसाठी ते आजही बनते. ०·४५०/४०० या जोडनावाच्या रायफलीला मात्र बंदीची झळ लागली नाही, कारण तिच्या नावातील ४५० हा आकडा केवळ कवचाचा होता. जिम कॉर्बेट यांच्या हातची जेफ्री कंपनीची प्रसिद्ध दुनळी रायफल याच जातीची होती.

नवी रायफल घेणाऱ्याचा प्रश्न असा सुटला. ज्याच्याजवळ आधीच ०·४५० ची दुनळी होती त्याचा प्रश्न अवघड होता. ती आफ्रिकेतील इतर वसाहतींत विकणे, जवळचा साठा संपेपर्यंत वापरणे, नाहीतर तिचा व्यास बदलून घेणे, एवढेच मार्ग होते. परिवर्तनातील मूलभूत मर्यादा अशी की, नळीची पोकळी वाढविता येते, कमी करता येत नाही. लहान व्यास हवा असल्यास आत दुसरी नळी बसवावी लागते किंवा नळीच बदलावी लागते. पोकळी वाढविली की भिंत पातळ होते. म्हणून मूळच्या नळीत पुरेशी जाडी असेल तरच हे काम सुरक्षित ठरते. शिवाय ०·४७० चे कवच ०·४५० च्या कवचाहून बुडाशी रुंद असल्याने काडतूसकक्ष व कवच बाहेर काढणारा भाग हेही बदलावे लागतात. सरळ कवचाच्या ०·४७५ च्या बाबतीत ही अडचण कमी होती.

याहूनही नाजूक बाब म्हणजे दोन नळ्यांचा मेळ. दुनळी रायफलीच्या नळ्या समांतर नसतात. ठराविक वजनाची गोळी ठराविक वेगाने सुटली असता दोन्ही नळ्यांचे नेम सु. १०० यार्डांवर (९१ मी.) एकत्र यावेत, अशा बेताने कारागीर त्या पाचरी सरकवीत व पुन:पुन्हा झाडून पाहत जोडतो. उत्तम दुनळीची मोठी किंमत या कौशल्याची असते. गोळी बदलली की हा मेळ बिघडतो व तो पुन्हा साधणे मूळच्या कारखान्यालाच शक्य होते. इंग्लंडमध्ये अशा फेरफारानंतर लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहात जास्त दाबाचे काडतूस झाडून नळीवर नवा ठसा उमटविण्याची कायदेशीर पद्धत होती. त्यामुळे परिवर्तनासाठी रायफल समुद्रापार पाठविणे भाग पडे आणि हा खर्च धनिकांनाच झेपणारा होता. खेड्यातील शेतकऱ्याचा येथे प्रश्नच नव्हता. १८७८ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना मिळविणे त्याला दुरापास्त होते, तर यूरोपीयांना दीर्घकाळ सूट होती. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी त्याच्या हाती असलीच तर तोंडाने ठासण्याची बंदूक असे. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासूनच या अधिनियमाविरुद्ध तक्रार मांडली होती.

बंदीचा मूळ हेतू कितपत साधला, याविषयी फारशी अनुकूल साक्ष मिळत नाही. सरहद्दीवरील रायफली व काडतुसे शिकाऱ्यांच्या पेट्यांतून जात नव्हती. ती मस्कतमार्गे इराणी आखातातून व मकरान किनाऱ्यावरून अफगाणिस्तानात येत. ब्रिटिश आरमाराने १९०९ पासून केलेली नाकेबंदी आणि मस्कतच्या सुलतानाने १९१२ मध्ये शस्त्रांच्या साठ्यावर आणलेले नियंत्रण, यांनीच त्या व्यापाराला आळा बसला.

ज्या परिवर्तनाचा परिणाम सर्वांत दीर्घकाळ टिकला, ते ०·३०३ बाबतचे होय. ही सेनेची चालू रायफल असल्याने तिचे काडतूस खाजगी व्यक्तींच्या हाती जाऊ नये, असे सरकारचे धोरण होते. तेव्हा बीएसए व अन्य कंपन्यांनी ली पद्धतीच्या शिकारी रायफली भारतासाठी ८ मिमी. व्यासात बनविल्या. त्यासाठी निवडलेले काडतूस ऑस्ट्रियन सेनेचे ८×५० मिमी. मानलिखर हे होते. ते ०·३०३ प्रमाणेच कडदार बुडाचे असल्याने ली रायफलीच्या रचनेत थोड्या फेरफाराने बसते. मात्र ०·३०३ ची गोळी या रुंद नळीत नेमाने जात नाही. एका परक्या साम्राज्याचे लष्करी काडतूस अशा रीतीने भारतात निरुपद्रवी नागरी काडतूस ठरले व ०·३१५ या नावाने रुळले. पोलीस व पहारेकरी यांच्यासाठी याच विचाराने ०·३०३ रायफलींच्या खाचा काढून त्यांच्या ०·४१० इंची गुळगुळीत नळीच्या एकबारी बंदुका करण्यात आल्या. हे काम पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्याने केले. त्याच कारखान्याची १९६० नंतरच्या दशकातील ७·६२ मिमी. रायफल जुन्या ०·३०३ वरून बेतलेली म्हणून अनेकदा सांगितली जाते. ते बरोबर नाही. नव्या काडतुसाचा दाब अधिक असल्याने ती सुधारित पोलादापासून नव्यानेच बनविली गेली.

स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने निषिद्ध व अनिषिद्ध व्यास हा भेद कायम ठेवला. विनापरवाना शस्त्राचे परिवर्तन करणे हाही त्याखाली स्वतंत्र अपराध आहे. इशापूरला ०·३१५ ची शिकारी रायफल व पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तिची काडतुसे निघू लागली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर शिकार बंद झाली, तरी पीकसंरक्षण व स्वसंरक्षण यांसाठी ही रायफल चालू राहिली. सहज मिळणारे काडतूस म्हणून ०·३१५ उत्तर भारतातील बेकायदा गावठी कट्ट्यांतही सर्रास आढळते. ज्या व्यासाची योजना शस्त्रे आटोक्यात ठेवण्यासाठी झाली, त्याची ही परिणती १९०७ च्या नियमकर्त्यांनाही परिचित वाटली असती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावर इशापूरचा कारखाना अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या, तर खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या शासकीय कंपनीकडे गेला.