दूरस्थ शिक्षण: कोणासाठी फायद्याचं, कोणासाठी तोट्याचं?

‘घरबसल्या पदवी मिळवा’ अशा जाहिराती मोबाईलवर सतत येत असतात. पण जो कोर्स एकाला तारतो, त्याच कोर्समध्ये दुसऱ्याचं वर्ष आणि फी दोन्ही वाया जाऊ शकतात. म्हणून तुम्ही कोणत्या गटात बसता, ते आधी पाहूया.

दूरस्थ शिक्षण म्हणजे काय?
रोज वर्गात न जाता छापील पुस्तकं, व्हिडिओ आणि अभ्यासकेंद्राच्या मदतीने शिकणं. ही पद्धत स्मार्टफोनच्या आधीची आहे. इग्नू 1985 मध्ये सुरू झालं आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये. त्यामुळे दूरस्थ म्हणजे ऑनलाइनच, असं समजू नका.

नोकरी किंवा घर सांभाळणारे
सर्वांत जास्त फायदा यांनाच होतो. पगार चालू राहतो, शहरात खोली घ्यावी लागत नाही, अभ्यास रात्रीही करता येतो. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते, असं यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. तोटा एकच: वेळापत्रक स्वतःच पाळावं लागतं.

नुकतेच बारावी झालेले
इथे जरा थांबा. कॉलेजमध्ये ग्रंथालय, मित्र आणि अडलं की लगेच विचारता येणारे सर मिळतात. घरी त्याच मोबाईलवर लेक्चर असतं आणि रील्सही. स्वतःहून अभ्यासाला बसायची सवय नसेल, तर विषय मागे पडत जातात.

प्रॅक्टिकलचे विषय घेणारे
इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने देण्यास यूजीसीची परवानगी नाही. अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

रेंज आणि डेटा कमी असणारे
तासाभराच्या 720पी व्हिडिओला साधारण 1 जीबी डेटा लागू शकतो, 360पी ला त्याच्या निम्म्याहून कमी. लेक्चर कमी क्वालिटीत डाउनलोड करून ठेवा. घरी डीटीएच असेल तर ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या पाहा, त्यांना इंटरनेट लागत नाही.

दिव्यांग विद्यार्थी
प्रवास वाचतो, लेक्चर थांबवून पुन्हा ऐकता येतं, सबटायटल असतील तर ऐकू कमी येणाऱ्यांना मदत होते. पण स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. टॉकबॅकला त्यातला मजकूर बऱ्याचदा वाचता येत नाही. म्हणून प्रवेशाआधी नमुना धडा मागवून मोबाईलवर वाचून घेतला जातो का, ते तपासा.

प्रवेशाआधी हे कराच
1. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या वेबसाइटवर तुमचा कोर्स आणि चालू वर्ष यादीत आहे का ते पाहा. नुसतं विद्यापीठाचं नाव असणं पुरेसं नाही.
2. परीक्षा केंद्र कुठे असेल ते विचारा.
3. ‘स्वयम’वर एखादा मोफत कोर्स महिनाभर करून बघा. तिथे धडे फुकट असतात, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी लागते.

महिनाभर कोणी न सांगता अभ्यास झाला, तर दूरस्थ शिक्षण तुम्हाला जमेल. नाही झाला, तर तीन वर्षांची फी भरण्याआधीच ते कळलेलं बरं.