केकला टायर सुटतो तेव्हा

शुक्रवार, रात्री ९. डोंबिवलीतलं एक स्वयंपाकघर, जूनमधली रिपरिप. उद्या ७ वाजता पहिला वाढदिवस; ऑर्डर दोन मजली फॉन्डन्ट केकची. स्पंज अजून कोमट आहे. थांबायला वेळ कुणाला आहे?

रात्री १०. थर रचले. मध्ये स्ट्रॉबेरी क्रश घातलेलं मऊसूत बटरक्रीम, तेही सढळ हातानं, बोटभर जाड. अर्धा सेंटिमीटर पुरलं असतं. कडेनं घट्ट बटरक्रीमचा बांध घालायचा, तोही राहिला.

रात्री ११. केक थेट फ्रिजमध्ये. घोडचूक ही. स्पंजच्या जाळीत हवा असते. वरच्या थरांचं वजन पडलं की तो दबतो आणि मधलं क्रीम कडेकडे सरकतं. केक बसणारच, प्रश्न एवढाच की फॉन्डन्टच्या आधी की नंतर. क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून, वर एखादी टाइल ठेवून काही तास बाहेर ठेवला असता, तर जे सरकायचं ते सरकलं असतं आणि सकाळी पॅलेट नाइफनं खरवडून टाकता आलं असतं. फ्रिजमध्ये मात्र लोणी घट्ट होतं आणि बसणं निव्वळ पुढे ढकललं जातं.

शनिवार, सकाळी ८. बटरक्रीमचा पातळ हात. आपल्या हवेत मी तरी गनाशच लावायला सांगेन: डार्क चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग, व्हाइट असेल तर तीनास एक. त्याचं कवच धरून ठेवतं.

सकाळी ९. गारढोण केकवर चार मिलिमीटरचं फॉन्डन्ट. स्मूदर फिरला, कडा काटकोनात. फोटो ग्राहकाला रवाना, उत्तरात सहा बदाम.

सकाळी १०. फॉन्डन्टला घाम. दमट हवेतलं पाणी गार केकवर जमतंय. पुसलं तर डाग पडतात. पंख्याखाली आपोआप सुकू देणं बरं. आतला केकही आता खोलीच्या तापमानाला येऊ लागलाय.

सकाळी ११.३०. वरचा मजला चढला. खाली डॉवेल आणि बोर्ड आहेत, हे काम चोख.

दुपारी १. थरांच्या जोडावर एक बारीक आडवी रेघ.

दुपारी ३. बाजूला लिंबाएवढा फुगा. अडकलेली हवा गरम होऊन पसरली. बारीक सुई तिरकी टोचून, तळहातानं हवा भोकाकडे ढकलली, फुगा गेला. रेघ जाड झाली. हवेवर सुई चालते, क्रीमवर नाही.

संध्याकाळी ५. खालच्या मजल्याला चक्क टायर सुटला. त्यावर साटिनची रुंद रिबन. तासाभरात तीही फुगली.

६.३०. रिक्षा, खड्डे, हॉल. रिबनखाली फॉन्डन्टला चीर गेली, गुलाबी क्रीम डोकावतंय. बाळाची आजी चष्मा सावरत वाकली.

“अगं, ही महिरप मुद्दाम काढलीयेस का?”