जात्यावरच्या तिघी आणि गिरणीतली मोटर



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या पिठाच्या गिरणीची मोटर जळाली. लाइट आली, बटण दाबलं, तर मोटर नुसती घूं घूं करत राहिली. फिरेना. होईल सुरू म्हणून आम्ही दोन-तीन मिनिटं वाट बघितली आणि मग आला जळका वास. वाइंडिंगवाल्याने मोटर उघडली तेव्हा आम्ही चौघी मुद्दाम बघायला थांबलो. आम्हाला वाटलं होतं, आत मोठं लोहचुंबक असणार. निघाली काय, तर काळी पडलेली तांब्याची तार आणि लोखंडी पत्र्याच्या चकत्या. तांब्याला तर लोहचुंबक चिकटतसुद्धा नाही!

तिथे ‘वाइंडिंग’ हा शब्द ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "माझी आजी परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती." तिची आजी तार गुंडाळत नव्हती, सूत गुंडाळत होती. पण त्या सुताचं यंत्रही पुढे मोटरीवरच फिरू लागलं. म्हणून आजची गोष्ट मोटरीची आहे आणि आपल्या आज्यांचीही.

आधी तारेचं कोडं सोडवू. १८२० साली डेन्मार्कमधल्या ओर्स्टेड नावाच्या प्राध्यापकांनी तारेतून वीज सोडली, तर शेजारी ठेवलेली होकायंत्राची सुई हलली. म्हणजे तार तांब्याची असली तरी तिच्यातून वीज वाहते तेवढा वेळ तिच्याभोवती चुंबकाचा जोर तयार होतो. आपणही करून बघू शकतो. मोटरीची जुनी, लाखेचा थर असलेली तार लोखंडी खिळ्यावर पन्नासेक वेढे गुंडाळायची, दोन्ही टोकं खरवडून टॉर्चच्या सेलला लावायची. खिळा टाचण्या उचलतो. तार काढली की टाचण्या खाली. हे टॉर्चच्या सेलवरच करायचं आणि तेही दोन क्षण, कारण तार तापते. घरातल्या लाइटवर मुळीच नाही.

ओर्स्टेड यांच्या पुढच्याच वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी वीज वाहणारी टांगती तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. हे फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात शिकाऊ म्हणून वाढलेले. त्यांनी १८३१ साली उलटंही दाखवलं, की वेढ्यांजवळ चुंबक हलवलं तर तारेत वीज उपजते. वीजघर आणि मोटर ही या दोन शोधांची लेकरं.

वीज वाहिली की चुंबकाचा जोर उठतो, याचा मुंबईला चांगलाच अनुभव आला. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापं घेतली जात होती. मग शहरात विजेवरच्या ट्राम चालवायचं ठरलं. ट्रामच्या विजेने ती नाजूक मापं बिघडणार, हे वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि १९०४ साली मापाचं काम समुद्रापलीकडे अलिबागला नेलं. तिथली इमारत चुंबकाला न ओढणाऱ्या दगडाची, लोखंड टाळून बांधलेली. दोन वर्षं दोन्हीकडची मापं जुळवून बघितली, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागला आजही हे काम चालतं.

आता गिरणगावात येऊ. मुंबईत कापडगिरणीची पहिली कंपनी १८५४ साली ताडदेवला निघाली. पुढे परळ, लालबाग, दादर, भायखळ्यापर्यंत धुराड्यांची रांग लागली. तेव्हा सगळं वाफेवर. गिरणीत एकच मोठं इंजिन, त्याच्या चाकावरून जाड दोर प्रत्येक मजल्यावर गेलेले, छताखाली लांबच लांब दांडा, आणि दांड्यावरून एकेका साच्याला चामडी पट्टा. (साचा म्हणजे माग, गिरणगावात तोच शब्द.) इंजिन थांबलं की सगळी गिरणी थांबली.

वीज आधी दिव्याच्या रूपाने आली. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि मालकांनी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर ओढला. तोवर सूर्य मावळला की सुटका व्हायची, ती गेली. बायकांना अकरा तासांहून जास्त राबवायचं नाही, असा कायदा १८९१ सालीच झाला होता. पुरुषांना १९११ च्या कायद्यापर्यंत तेवढीही मर्यादा नव्हती.

मोटर फिरवण्याइतकी वीज आली ती घाटावरून. लोणावळ्याजवळ टाटांच्या कंपनीने वळवण, शिरवता, लोणावळा अशी धरणं बांधली. पाणी नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली, खोपोलीला सोडलं, त्या धारेने चाकं फिरवली आणि १९१५ साली तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. सुरुवातीला मोटर लावून तोच जुना दांडा फिरवत. पुढे यंत्रागणिक वेगळी मोटर आली, तेव्हा दोर, दांडे, पट्टे गेले.

ही मोटर फिरते कशी, ते आम्हाला जात्यावरून कळलं. तिघी जणी जात्याभोवती बसल्या आहेत असं समजा. खुंटा हिच्याकडे आला की ही ओढते, मग तिच्याकडे, मग तिसरीकडे. तिघी एकदम ओढायला लागल्या तर जातं जागचं हलणार नाही. मोटरीतही तारेच्या वेढ्यांचे तीन संच गोलाकार बसवलेले असतात आणि तीन फेजची वीज त्यांना पाळीपाळीने जोर देते. त्यामुळे चुंबकाची ओढ गोल फिरत राहते. मधल्या लोखंडी नळकांड्याला बाहेरून तार जोडलेलीच नसते. पण भोवती चुंबकाची ओढ फिरली की त्याच्यातही वीज उपजते, फॅरडे यांनी दाखवली तशी, आणि तेही चुंबक होऊन मागोमाग धावतं. ते थोडं मागेच राहतं. बरोबरीला आलं तर त्यात वीज उपजणंच थांबेल. आमच्या मोटरीत ओढ मिनिटाला १५०० फेरे घेते, आणि पाटीवर लिहिलंय १४४०.

आमच्या मोटरीचं काय झालं होतं, तर तिघींतली एक गैरहजर होती. एक फेज गेला होता. उरलेल्या दोन फेजांनी ओढ मागे-पुढे होते, गोल फिरत नाही. मोटर घुमते, तारेत जास्तीची वीज शिरते, लाख वितळते, तार जळते.

आता पाण्याकडे परत. मुंबईला आणखी वीज हवी झाली, तेव्हा नजर मुळशीवर गेली. तिथे धरण बांधायचं ठरलं आणि मावळातली भाताची खाचरं, घरं, देवळं पाण्याखाली जाणार हे गावांना कळलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते म्हणून ओळखले गेले. सत्याग्रहात बायाही होत्या. तीन वर्षं लढा चालला, पण धरण झालंच, आणि १९२७ साली भिऱ्याच्या वीजघरातून वीज निघाली. शाळेत आम्हाला टाटांची दूरदृष्टी शिकवली, ती खोटी नाही. पण गिरणीतल्या मोटरीची किंमत कोळशाशी तुलना करून काढली, तेव्हा त्यात मुळशीची खाचरं कुणी नीट मोजली नाहीत, असं आम्हाला वाटतं.

आणि गिरणीच्या आतल्या बायका? १९३१ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत शंभर कामगारांमागे वीसेक बायका होत्या, बहुतेक वाइंडिंग आणि रीळ खात्यांत. त्यांच्यावर नायकीण असायची. मजुरी उक्ती, म्हणजे गुंडाळाल तेवढे पैसे. पुढे वेगाने फिरणारी वाइंडिंगची नवी यंत्रं आली, थोडे हात पुरू लागले. रात्रपाळी वाढली, पण रात्री बायकांना कामावर ठेवायला कायद्याने बंदी होती. १९२९ साली बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, तर तो खर्च नको म्हणून काही मालक बायका घेईनात. एकट्या मोटरीला दोष देता येणार नाही. पण यंत्राचा वेग वाढला तेव्हा बायकांच्या हाताला नवं यंत्र शिकवायचं कुणी मनावर घेतलं नाही. आमच्या मैत्रिणीच्या आजीने नंतर गिरणीवाल्यांसाठी खानावळ चालवली. म्हणजे गिरणीत विजेवर साचे चालायचे आणि समोरच्या चाळीत ती पाट्यावर मसाला वाटायची.

मोटर आपल्या ओट्यावर यायला १९६० चं दशक उजाडलं, आणि तीही गिरणगावाशेजारच्या वरळीतून. तिथल्या एका विजेच्या कंपनीत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर बिघडला. आपली डाळ, ओलं खोबरं, सुकी मिरची वाटण्यासाठी तो बनवलेलाच नव्हता. मग त्यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशी दमदार मोटर तयार केली आणि १९६३ साली ‘सुमीत’ मिक्सर आला. मिक्सरच्या मोटरीत फिरत्या भागालाही वीज द्यावी लागते. ती कोळशाच्या दोन तुकड्यांतून जाते, त्यांनाच आपण कार्बन म्हणतो. मिक्सरच्या तळाशी जास्तच ठिणग्या दिसू लागल्या तर बहुतेक वेळा कार्बन झिजलेले असतात. ते बदलायला थोडेच पैसे लागतात, त्यासाठी मिक्सर भंगारात देऊ नका.

आमची मोटर पुन्हा भरून आणली. सोबत फेज गेला की आपोआप बंद करणारं उपकरण बसवून घेतलं. तरी गिरणीच्या दारामागे खडूने लिहून ठेवलंय: मोटर घुमली आणि फिरली नाही, तर तीन आकडे मोजायच्या आत बटण बंद. जिची पाळी असेल तिने.