उत्तम शुक्रवार

मार्च-एप्रिलच्या सुमारास एका शुक्रवारी शाळांना आणि कचेऱ्यांना सुट्टी असते. कॅलेंडरात त्या तारखेखाली ‘गुड फ्रायडे’ असे छापलेले असते. नावात ‘गुड’ दिसले, की पुष्कळजण भाबडेपणाने आपल्या ख्रिस्ती मित्राला शुभेच्छा देऊन मोकळे होतात. पण हा दिवस आनंदाचा नव्हे, शोकाचा आहे बरं का! येशू ख्रिस्ताला क्रुसावर खिळून मारले, त्या दिवसाची ही आठवण.

मग ‘गुड’ कसे? पूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाला ‘पवित्र’ असाही अर्थ होता. पोर्तुगीज लोक याला ‘पवित्र शुक्रवार’च म्हणतात, जर्मन लोक ‘शोकाचा शुक्रवार’ म्हणतात, आणि आपले मराठी ख्रिस्ती बांधव म्हणतात ‘उत्तम शुक्रवार’. या मरणातून माणसाचे तारण झाले, अशी त्यांची श्रद्धा आहे.

हा दिवस दरवर्षी एकाच तारखेला का येत नाही? येशूला मारले ते ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि तो सण पौर्णिमेचा. म्हणून 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची. तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा दिवस. आणि त्याच्या आधीचा शुक्रवार तो उत्तम शुक्रवार. तिथी पाहून सण करणाऱ्या आपल्या मंडळींना हे गणित परके वाटू नये. पाश्चात्य पंचांगाप्रमाणे हा दिवस 20 मार्च ते 23 एप्रिल यांच्या दरम्यान येतो.

हा दिवस पाळण्याची रीत फार जुनी. इसवी सन 381 ते 384 च्या सुमारास एगेरिया नावाची एक यात्रेकरू बाई जेरुसलेमला गेली होती. तिने लिहून ठेवले आहे, की दुपारी बारापासून तीनपर्यंत उघड्या पटांगणात येशूच्या दुःखभोगाचे वाचन चाले आणि लहानथोर सारे रडत. क्रुसाचे म्हणून जपलेले लाकूड दर्शनाला ठेवीत. पण बिशप ते दोन्ही हातांनी घट्ट धरून बसे. कारण काय, तर पूर्वी कोणा भक्ताने चुंबन घेता घेता त्याचा तुकडाच दातांनी तोडून नेला होता!

आजही कॅथलिक देवळात या दिवशी मिस्सा होत नाही. वेदी उघडी असते, घंटा मुकी असते. तिच्याऐवजी लाकडी खुळखुळा वाजवतात. मोठी माणसे उपास करतात, एकदाच पोटभर जेवतात, मांस खात नाहीत. प्रॉटेस्टंट मंडळींत क्रुसावरील ‘सात उद्गारां’वर प्रवचने होतात.

ही दुःखकथा मराठीत ओवीबद्ध झाली, तीही चारशे वर्षांपूर्वी. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. 1579 मध्ये ते गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि 1616 मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात येशूचे चरित्र मरणापर्यंत आणि पुनरुत्थानापर्यंत येते. जे ज्ञानेश्वरीचे वृत्त, तेच या पुराणाचे. म्हणून ते आपल्या लोकांना गाता आले.

या दिवसाच्या इतिहासात एक काळे पानही आहे. येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या ज्यू जमातीवर ठेवून युरोपात याच दिवसांत त्यांच्यावर हल्ले होत. 1215 च्या लॅटरन परिषदेने तर त्यांना या दिवसांत बाहेर फिरायचीच मनाई केली. वास्तविक येशू स्वतः ज्यू, त्याची आई ज्यू, त्याचे शिष्य ज्यू. आणि देहदंडाचा हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा. शिवाय मारणाऱ्यांना क्षमा कर, अशी येशूने क्रुसावरून प्रार्थना केली, असे शुभवर्तमान सांगते. क्षमेची आठवण करण्याच्या दिवशी सूड उगवला गेला! कॅथलिक चर्चने 1959 मध्ये या दिवसाच्या प्रार्थनेतला ज्यूंना उणा लेखणारा शब्द काढला, आणि 1965 मध्ये हा दोष सरसकट ज्यूंवर ठेवता येत नाही असे जाहीर केले.

गुरुजनहो, सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलांना एवढे अवश्य सांगा: दुसऱ्याच्या शोकाचा दिवस ओळखणे हाही शेजारधर्मच. त्या शुक्रवारी ख्रिस्ती मित्र भेटला, तर शुभेच्छा राहू द्या. त्या द्यायला रविवारी, ईस्टरला, त्याच्या घरी जरूर जा.