परळपासून शेवगावपर्यंत : स्तनाच्या कर्करोगाशी लढणाऱ्या संस्थांचा इतिहास

आजचा विषय फलकावर वाचून काहींनी शेजारच्याकडे पाहिलं, काहींनी खाली मान घातली. त्यात नवल नाही. ‘स्तन’ हा शब्द आपण चारचौघांत उच्चारत नाही. ‘छातीत गाठ आहे’ एवढंच म्हणतो, आणि तेही दबक्या आवाजात. पण हा संकोचही आजच्या इतिहासाचाच भाग आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू.

समजा, बोधेगावकडची एक बाई दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. दुखत नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. बाई ठरवते, पट्टा पडल्यावर, गावी गेल्यावर बघू. म्हणजे चैत्र-वैशाखात. तोवर गाठ थांबणार आहे का?

या बाईपुढे ओळीनं पाच प्रश्न उभे राहतात. ही गाठ कसली? दाखवायची कुणाला? मुंबईला जायचं तर राहायचं कुठं? पैसे कुठून आणायचे? आणि यातून कुणी बरं झालंय का? यांतल्या प्रत्येक प्रश्नाला महाराष्ट्रात कुणी ना कुणी संस्था उभारून उत्तर दिलं आहे. पण इतिहास तिच्या क्रमानं चाललेला नाही. ती गावापासून निघते आणि परळला पोचते. संस्था परळपासून निघाल्या आणि गावाकडे यायला त्यांना पन्नास-साठ वर्षं लागली. आम्हाला आज सांगायचं आहे ते हेच.

पहिली संस्था दुःखातून उभी राहिली. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटा गेले. त्यांच्या संपत्तीतून झालेल्या विश्वस्त निधीनं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केलं. खाटा होत्या ८०. पुढे १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. पुष्कळांना वाटतं, अणुऊर्जावाल्यांचा दवाखान्याशी काय संबंध? संबंध किरणोपचाराचा आहे.

रुग्णालयाच्या जोडीनं संशोधन सुरू झालं. डॉ. वसंत खानोलकरांच्या पुढाकारानं १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. इथं एक मराठी बाई भेटते, आणि तिचा धागा पुढे आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो.

डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुण्याचा. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मग पुण्याच्याच कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झालं, मुंबईला आल्या, आणि खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली पीएच.डी. झाल्या. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर कशा वाढवायच्या हे शिकल्या. शरीराबाहेर अखंड वाढत राहिलेल्या पहिल्या मानवी पेशी, त्या प्रसिद्ध हेला पेशी, याच गाय यांच्या प्रयोगशाळेतल्या. परत येऊन कमलताईंनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशातली ती पहिली.

त्यांचा मुख्य विषय होता स्तनाचा कर्करोग. उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर त्यांनी काम केलं. काही वाणांत हा रोग का होतो, काहींत का होत नाही? आनुवंशिकतेचा वाटा किती, संप्रेरकांचा किती, विषाणूचा किती? स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचं नातं ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांचं नाव घेतलं जातं. १९७३ साली त्यांनी सहकारी स्त्री-वैज्ञानिकांबरोबर इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. आणि मंडळी, याच बाईंनी आपल्या नगर जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. निवृत्तीनंतर त्या महाराष्ट्रातल्या खेड्यांत जाऊन बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवत राहिल्या. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या बाईला शेवटी गावातल्या बायकांना शिकवावंसं का वाटलं असेल? हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. त्याकडे पुन्हा येणार आहोत.

रुग्णालय झालं, प्रयोगशाळा झाली. पण रोग किती जणांना होतो, हे कोण मोजणार? १९५१ मध्ये डॉ. द. ज. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. या सोसायटीनं १९६३ साली मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. भारतातली ही अशी पहिली नोंदणी. नोंदणी म्हणजे रुक्ष काम, असं कुणाला वाटेल. पण याच वह्यांमुळे कळलं की मुंबईत गर्भाशयमुखाचा कर्करोग हळूहळू कमी होतोय आणि स्तनाचा वाढतोय. आज देशभरात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. मृत्यूचा आकडा नव्या रुग्णांच्या निम्म्याहून मोठा आहे. याचं एक मोठं कारण म्हणजे बाई उशिरा पोचते.

आता राहण्याचा आणि आधाराचा प्रश्न. परळच्या फुटपाथवर पिशव्या उशाला घेऊन झोपलेली माणसं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील, काहींनी ती रात्र स्वतः काढलीही असेल. दादरला गाडगेबाबांच्या नावानं चालणारी धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते. परळला १९६८ पासून नाना पालकर स्मृती समिती रुग्णसेवा करते. १९६९ मध्ये यो. के. सप्रू यांनी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन सुरू केली, औषधोपचाराला मदत आणि रुग्णांचं पुनर्वसन यांसाठी. आणि १९९४ मध्ये वंदना गुप्ता यांनी व्ही केअर फाउंडेशन काढलं. त्या स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या.

यातून बरी झालेली बाई दुसरीच्या उशाशी बसते, ही कल्पना न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली टेरेसे लॅसर यांनी आधी रुजवली होती. स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या लॅसरबाई रुग्णालयात जाऊन तशाच बायकांना भेटू लागल्या. डॉक्टर ‘सगळं ठीक होईल’ म्हणतात, आणि एखादी बाई ‘माझं ठीक झालं’ म्हणते. या दोन वाक्यांत किती फरक आहे, ते आजारी माणसाला विचारा.

पैशांचं पाहू. २०१२ मध्ये राज्यातल्या काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, २०१३ मध्ये ती राज्यभर पोचली, आणि २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार तिच्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आत गेल्यावर आधी ते शोधा, मग बिलाचं बोला.

म्हणजे राहायला जागा झाली, पैशांची सोय झाली, सोबत झाली. पहिला प्रश्न मात्र तसाच राहिला. ही गाठ कसली, आणि ती बघणार कोण?

याचं उत्तर शोधायला आता परळ सोडून आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जामखेडला जाऊ. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. बाळंतपण, लस, जुलाब, कुपोषण हे सगळं त्या शिकल्या आणि गावोगाव करू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम कर्करोगाचं नव्हतं. पण त्यानं एक गोष्ट सिद्ध केली : डॉक्टर जिथं पोचत नाही तिथं गावातली शिकवलेली बाई पोचते, आणि तिच्यापुढे दुसरी बाई लाजत नाही.

जामखेडच्या पुढे बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. मुंबईत नोंदणीवाले रुग्णालयांतून माहिती घेत. खेड्यात ते कसं जमणार? आजारी माणूस रुग्णालयात गेलेलाच नसतो. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरायला सुरुवात केली. लोकांना लक्षणं समजावायची, शंका असेल त्याला तपासणीला आणायचं. काही वर्षांतच दिसलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. नवं यंत्र आलं नव्हतं. कुणीतरी दारात जाऊन बोललं होतं, एवढंच.

मग स्तनाच्या कर्करोगासाठी हे चालेल का? टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका. अर्ध्या वस्त्यांत शिकवलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी करत. मॅमोग्राफी नाही, यंत्र नाही. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीच्या आणि त्यापुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा ठाम फायदा दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. आम्ही इतिहास सांगतोय, जाहिरात नाही.

कमलताईंबद्दलचा तो प्रश्न आठवतो ना? त्याचं उत्तर आम्हाला इथं दिसतं. प्रयोगशाळेचं ज्ञान बाईपर्यंत पोचतं ते दुसऱ्या बाईच्या हातातून.

संशोधन थांबलेलं नाही. खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक आहे. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन आणि आयसर यांचं संयुक्त संशोधन केंद्र आहे. २०२३ मध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटानं दाखवलं की शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती भूल देण्याचं साधं औषध टोचलं, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्या बायकांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर जातं. औषध तेच, दात काढताना वापरतात त्या जातीचं. स्वस्त.

आता पुन्हा बोधेगावच्या बाईकडे. २०१६ पासून सरकारच्या धोरणात तिशीपुढच्या बायकांची स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यात गाठीचा प्रश्न असतो. ‘नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढलेलं बोंड, बोंडातून येणारं रक्त, यातलं काहीही असलं तर सांगा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते ठरवायचं सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईच्या तपासणीनं, अंदाजानं नाही. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग शेवगावचं ग्रामीण रुग्णालय, पुढे नगर, लोणी, किंवा पैठणमार्गे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. दरवेळी परळच गाठावं लागतं असं आता राहिलेलं नाही. आणि परळला जावंच लागलं, तर तिथल्या समाजसेवा विभागात आधी जा. धर्मशाळा, मदतनिधी, भेटायला येणाऱ्या बायका, सगळ्यांचे पत्ते तिथं मिळतात.

राहता राहिला आपल्या तालुक्याचा प्रश्न. तपासणी गावात होते, पण हंगामात बाई गावात नसते. ती फडावर असते. ऐंशी वर्षांत संस्था परळपासून उपकेंद्रापर्यंत आल्या. उपकेंद्रापासून ऊसतोडीच्या कोपीपर्यंतचं अंतर अजून बाकी आहे. ते कोण चालणार, हे आज इथं बसलेल्या ग्रामपंचायत सदस्यांनी आणि कारखान्याच्या सभासदांनी आपापसात बोलावं. टोळ्या निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमाराला गावात एक तपासणी झाली तरी सुरुवात होईल. प्रश्नोत्तरांत यावर जरूर बोलू.